वाटेतला विमानतळ

माझा मुलगा परदेशात काय काम करतो, हे माझ्याआधी माझी शेजारीणच लोकांना सांगायची. "विमानाला तेल पाजतो," असं म्हणून ती हसायची. तिच्या तमिळमध्ये ते फार गोड वाटायचं, जणू विमान म्हणजे कुणाचं तान्हं मूल.

कुंभकोणमला आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. तिच्या ओट्यावर शिलाई मशीन असायचं आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांचे ब्लाउज ती शिवायची. नवरा लवकर गेला, मुलगा एकच. मलाही एकच. मी तेव्हा आडुतुरैला भाताच्या बियाण्यांच्या कामावर जात असे आणि संध्याकाळच्या बसने परत येत असे. तोपर्यंत दोन्ही मुलं तिच्याच ओट्यावर असायची. आमच्या घरात मराठी बोलतात, उंबरठा ओलांडला की तमिळ. ही मराठी आमच्या पूर्वजांनी तंजावरच्या राजांच्या काळात इथे आणली आणि ती इथेच राहून गेली. पुण्याकडची माणसं ऐकून हसतात. शेजारणीच्या मुलाला मात्र ती नीट यायची. माझ्याकडे जेवून जेवून शिकला होता. "आई, आणखी आमटी वाढा," हे तो माझ्या मुलापेक्षा स्वच्छ म्हणायचा. मला तो आईच म्हणायचा. माझा मुलगा तिला अत्तै म्हणायचा, म्हणजे आत्या.

दहावीनंतर वाटा वेगळ्या झाल्या. माझा इंजिनिअर झाला, पुढे शिकायला युरोपातल्या एका छोट्या देशात गेला आणि तिथल्या विमानतळावर, विमानांत इंधन भरणाऱ्या कंपनीत लागला. तिचा मुलगा एसी दुरुस्तीचं शिकला आणि पश्चिम आशियातल्या एका बंदराच्या शहरात कामाला गेला. एकाच वर्षी गेले दोघं. जाण्याआधी आम्ही दोघी त्यांना घेऊन तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या गणपतीला गेलो होतो. परतताना रिक्षात दोघंही दाटीवाटीने बसून आमची चेष्टा करत होते. आम्ही रडत होतो आणि ते आमच्या रडण्याच्या नकला करत होते.

नात झाली तेव्हा मी त्या छोट्या देशात राहून आले. देशाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं माझ्याशी फार चांगली वागली. हिरवा, सतत ओला देश. कपडे वाळायचे नाहीत, दिवसभर खिडकीवर बारीक पाऊस. सुनेच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई रोज काहीतरी भाजून आणून द्यायच्या. त्यांनीच मला एकदा अभिमानाने सांगितलं, "आमचा देश कुठल्याच लढाईत नसतो. कुणाच्याच बाजूने नाही." मला ते ऐकून बरं वाटलं. मुलगा चांगल्या ठिकाणी आहे असं वाटलं.

परत यायच्या दिवशी मुलगा मला सोडायला निघाला. विमानतळाच्या अलीकडे एक चौक आहे, तिथे पावसात काही माणसं फलक घेऊन उभी होती. बहुतेक वयस्कर. एका बाईंच्या हातात कापडात गुंडाळलेली बाहुली होती, मेलेल्या मुलासारखी धरलेली.

"हे कोण?" मी विचारलं.

"असतात," मुलगा म्हणाला. "दर महिन्याला येतात. विमानं थांबवा म्हणतात."

"कुठली विमानं?"

त्याने गाडीचा वेग जरा कमी केला. मग सांगितलं. एका मोठ्या देशाचे सैनिक लढाईला जाताना वाटेत इथे उतरतात. विमानात इंधन भरलं जातं, सैनिक चहा-कॉफी पितात, पाय मोकळे करतात आणि पुढे जातात. पुष्कळ वर्षं असं चाललंय. कधी माणसं असतात, कधी सामान.

"कसलं सामान?"

"ते आम्ही विचारायचं नसतं, आई."

"पण हा देश कुणाच्याच बाजूचा नाही ना?"

"नाहीच आहे. इथून कोणी गोळी झाडत नाही. ती विमानं फक्त थांबतात." मग जरा चिडून म्हणाला, "मी नुसतं तेल घालतो. सुट्टीवर चाललेल्या लोकांच्या विमानातही तेच घालतो."

मोठेपणी मी छापील मराठी वाचायला शिकले, तेव्हा त्यात एक शब्द भेटला होता, तटस्थ. तटावर उभा असलेला. आम्ही कावेरीकाठची माणसं, आम्हाला तो शब्द कुणी समजावून सांगावा लागत नाही. पण काठावर उभं राहून एकाच बाजूच्या होडीला हात द्यायचा, त्याला काय म्हणायचं, ते मला सुचेना.

आत गेल्यावर ते सैनिक मला दिसले. वाळूच्या रंगाचे कपडे, बंदुका नाहीत. बरेचजण जमिनीवर पिशवी उशाला घेऊन झोपले होते. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक मुलगी येऊन बसली, सैनिकच, केस घट्ट बांधलेले, नाकावर मुरुमं. माझ्या साडीकडे बघून म्हणाली, "माझ्या आजीकडे अगदी याच रंगाचे पडदे आहेत." मी हसले. मला मोडकंतोडकं इंग्रजी येतं. तिने विचारलं, "घरी चाललात?" मी हो म्हटलं. "तू?"

"मी नाही," ती म्हणाली. "मी उलट्या दिशेला."

तिच्याकडचं अर्धं चॉकलेट तिने मला दिलं. ते मी खाल्लं. इतक्या वर्षांत मी एवढ्या जवळून पाहिलेली ती एकच सैनिक, आणि ती मला आवडली होती. हे पुढे मला फार जड गेलं.

शेजारणीला मी घरी आल्यावर सगळं सांगितलं, सैनिकांचं सोडून. तसं काही लपवायचं होतं म्हणून नाही. नातीच्या गोष्टीच संपत नव्हत्या.

त्यानंतर काही काळाने एक लढाई पेटली. दोन दुसऱ्याच देशांची, त्यांतल्या एकाला त्या मोठ्या देशाची साथ; पण शेजारणीचा मुलगा राहत होता त्या शहरावर बॉम्ब पडू लागले. तो रोज सकाळी फोन करायचा. "अम्मा, आवाज लांबचे आहेत." दुसऱ्या दिवशी पुन्हा, "लांबचेच आहेत." मला फोन द्यायला सांगायचा आणि माझ्याशी मराठीत बोलायचा, म्हणजे तिला कळू नये म्हणून. "आई, लांबचे नाहीत. पण तिला सांगू नक्को. कंपनीने पासपोर्ट ठेवून घेतलेत, बोलणी चाललीत, आम्ही निघणार." मी तिच्या समोर बसून चेहरा हसरा ठेवायची आणि "हो का, बरं बरं" म्हणायची. तई महिन्यात, पोंगलला, तो घरी येणार होता. तिने त्याच्यासाठी मुलगी बघून ठेवली होती.

ज्या दिवशी ते कळलं, त्या सकाळी मी माझ्या ओट्यावर शेंगा सोलत होते आणि ती मशीनवर होती. फोन त्याच्या खोलीतल्या सोबत्याचा होता, मन्नारगुडीकडचा मुलगा. बंदराजवळच्या एका शीतगृहाचं यंत्र बंद पडलं म्हणून तिघांना दुरुस्तीला नेलं होतं. तिथल्या गोदामांवर बॉम्ब पडला. तिने फोन कानाला धरलेला होता आणि तिचा पाय मशीनच्या पायट्यावर चालूच होता. सुईखालचं कापड संपलं, तरी मशीन चालत राहिलं, रिकामं. मी धावत जाऊन तिचा पाय धरला, तेव्हा ते थांबलं.

त्याची पेटी तिरुच्चीच्या विमानतळावर आली, बऱ्याच दिवसांनी. पेटी उघडू नका, असं सांगितलं होतं. तिला उघडायची होती. तिचा मोठा भाऊ इन्नंबूरहून आला होता, शेतकरी माणूस. त्याने तिचे दोन्ही हात धरून ठेवले. मग ती ओरडायची थांबली आणि अगदी हळू मला म्हणाली, "अक्का, वजन त्याच्याएवढं आहे का, तेवढं विचारा ना."

पेटी उतरवणाऱ्यांपैकी एकाला मी विचारलं. त्याने पेटीकडे बघितलं आणि मान हलवली, हो. त्याला माहीत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. मी तिला जाऊन सांगितलं, "आहे." कावेरीकाठी सगळं झालं.

मुलाला मी फोनवर कळवलं. मग त्याने विचारलं, "बॉम्ब कुणाचा होता?"

मी म्हटलं, पेपरात तर त्या मोठ्या देशाच्या बाजूच्यांचा म्हणतात.

"कुठल्या आठवड्यात?"

"तुला माहीत आहे कुठल्या."

त्या आठवड्यात रोज विमानं उतरत होती, असं तो म्हणाला. माणसं कमी, सामान जास्त. जादा पाळ्या लागल्या होत्या. त्याच्या आवाजात असं काही होतं की मी लगेच म्हटलं, अरे, त्या विमानांचा नि याचा संबंध आहे कशावरून? कुठून कुठे गेलं असेल, कुणाला ठाऊक. तो म्हणाला, "तेच तर. कुणालाच ठाऊक नाही. ठाऊक होऊ नये अशीच सोय आहे."

पुढचं मला सुनेकडून कळलं. त्याने वरच्या साहेबांना विनंती केली, मला त्या विमानांवर पाठवू नका. साहेब भला माणूस होता. त्याने कॉफी दिली, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, तुझं दुःख मी समजू शकतो, पण आपण कुणाच्या बाजूचे नाही. ज्याला आपल्या सरकारने उतरायची परवानगी दिली, त्याला आपण इंधन देतो. निवडायला लागलो तर उलट बाजू घेतल्यासारखं होईल. तरी त्याने माझ्या मुलाला काही दिवस दुसऱ्या कामावर घातलं. त्याच्या जागी दुसरा माणूस ती विमानं भरू लागला. मुलगा जेवताना खिडकीतून बघत बसायचा, असं सून म्हणाली. ती विमानं कुठली, हे त्याला लांबूनही ओळखता यायचं.

शेवटी त्याने नोकरी सोडली. दुसरी मिळायच्या आधीच. आणि गावी आला.

आला तो सरळ माझ्याकडे. आंघोळ केली, मी वाढलेलं थोडंसं खाल्लं आणि म्हणाला, "मी अत्तैला सांगणार आहे."

"काय सांगणार आहेस?"

"मी काय काम करत होतो ते."

"तिला माहीत आहे तू काय काम करत होतास. साऱ्या गावाला तीच सांगत होती."

"तसं नव्हे, आई."

मी त्याला पुष्कळ समजावलं. तिला आता कुठे थोडं जेवण जायला लागलंय. तू तिला अशी गोष्ट सांगणार, जी तुलाच नक्की माहीत नाही. तुझं मन हलकं होईल, तिचं काय? तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "ती मला जवळ घेईल, आई. मी गेलो की ती मला जवळ घेऊन रडेल. ते मी कसं घेऊ?"

मी त्याचं ताट उचलून आत नेलं.

झालंही तसंच. तो ओट्याच्या पायऱ्या चढला आणि ती उठून त्याच्या गळ्यात पडली. त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, जणू आंधळीच. "तंबी, किती वाळलास रे," म्हणाली. तमिळमध्ये धाकट्या भावाला म्हणतात तसं ती त्याला तंबी म्हणायची. मी मागे उभी होते. आपल्या मुलाच्या लहानपणच्या खोड्या आठवून ती रडत होती आणि मधेच हसत होती. मग तिने त्याला विचारलं, "तू आहेस तिथे तरी लढाई नाही ना?"

"नाही, अत्तै. तो देश कुणाशी लढत नाही."

"मग तिथेच राहा बाबा. अशा देशातच राहावं."

तेव्हा तो खाली बसला, तिच्या पायांपाशी, आणि त्याने सांगितलं. फार साधेपणाने सांगितलं. विमानं कुठून येतात, कुठे जातात, तो काय करायचा. त्या आठवड्यात किती काम होतं. त्यातल्या एखाद्या विमानात ते असेल, कदाचित नसेल. आपल्याला कधीच कळणार नाही. पण त्याने कधी विचारलं नव्हतं.

तिला आधी समजलंच नाही. ती म्हणाली, "तू तर तेल घालत होतास."

"हो."

"बॉम्ब तू नाही ना टाकलास."

"नाही."

"मग?"

मी बघत होते, आणि मला दिसलं की तिला हळूहळू समजत होतं. तिचा हात त्याच्या डोक्यावर होता. तो तिने झटक्याने काढला नाही. उचलला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

"तुला त्याची आठवण झाली होती का?" तिने विचारलं. "त्या विमानांना तेल घालताना? की ती जातात तिकडेच आपला दोस्त आहे?"

त्याने खरं सांगितलं. "एकदा झाली होती."

"आणि?"

"आणि मी काम केलं."

भाजीवाला आला, ओरडून गेला. मग ती म्हणाली, "हे मला का सांगितलंस? मी आतापर्यंत आकाशाला शिव्या देत होते. आता जा घरी. तुझ्या आईने जेवण केलं असेल."

दुसऱ्या दिवशी तिच्या भाचीने माझे ब्लाउजचे तुकडे आणून दिले, न शिवता, घडी घालून. माझा मुलगा इथे होता तोवर ती ओट्यावर आली नाही. तो परत गेल्यावरही माझ्याशी बोलली नाही. भिंतीला भिंत, तिच्या घरातला खोकलासुद्धा मला ऐकू यायचा, पण मी हाक मारली की पलीकडे सगळं शांत व्हायचं. काही महिन्यांनी तिचा भाऊ टेंपो घेऊन आला आणि ती इन्नंबूरला राहायला गेली. मशीन मागे ठेवून गेली. निघताना तिने किल्ली माझ्याकडे दिली नाही, कोपऱ्यावरच्या दुकानात दिली.

मुलाला तिथे दुसरं काम मिळालंय, एका भाजीच्या गोदामात. पूर्वीच्या मानाने कमी दर्जाचं. महिन्यातून एकदा तो त्या चौकात जाऊन उभा राहतो. मी विचारलं, काही उपयोग होतो का? तो म्हणाला, नाही. विमानं उतरतात. पाऊस असला की लोक कमी येतात. एकदा गाडीतून जाणाऱ्या कुणीतरी त्याला काच खाली करून म्हटलं, तू आमच्या देशाचा नाहीस, तुला काय त्याचं?

मी गेल्या कार्तिकात इन्नंबूरला गेले. न बोलावता. तिच्या भावाचं घर शेताला लागून आहे. त्यांच्या भाताला नुकती लोंबी येऊ लागली होती. ती मागच्या अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मला बघून उठली नाही, पण सरकून जागा केली. मी शेजारी बसले आणि मीही निवडू लागले. बराच वेळ आम्ही दोघी खडेच काढत होतो.

मग मी म्हटलं, "तो रोज तुझी चौकशी करतो."

"करू दे."

"तू त्याला माफ कर, असं मी म्हणत नाही."

"म्हणू नका," ती म्हणाली. सूप खाली ठेवून ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता ती मला निघून जायला सांगेल. पण तिचा आवाज शांत होता.

"अक्का, एवढं सगळं झालं. कंपनीवाले फोनवर म्हणाले, आमचा काही दोष नाही. इथल्या सरकारी ऑफिसात गेलो, ते म्हणाले आम्ही काय करणार. ज्यांनी बॉम्ब टाकला ते टीव्हीवर म्हणाले, तिथे शत्रू होता. माझ्या मुलाच्या मरणात आपला हात होता, असं म्हणणारा एकच माणूस माझ्या दारात आला. राग धरायला माझ्याकडे एवढा एकच आहे. तोही मी सोडून दिला, तर काय करू?"

मला रडू आलं. ती रडली नाही. "त्याला सांगा," ती म्हणाली, "मी त्याच्यावर रागावले आहे. मरेपर्यंत राहणार. असं सांगा. विसरले, असं सांगू नका."

तिची वहिनी कॉफी घेऊन आली. आम्ही ती प्यायलो. शेवटची बस चुकेल म्हणून मी निघाले, तेव्हा ती वाटेपर्यंत आली नाही; अंगणातूनच म्हणाली, "जपून जा. बांधावर निसरडं झालंय."

घरी येऊन मी मुलाला फोन लावला आणि तिने सांगितलं तसंच, शब्दही न बदलता, सांगितलं. पलीकडे नात कशासाठी तरी रडत होती. तो तिला घेऊन दुसऱ्या खोलीत गेला असावा, आवाज लांब गेला. मग फोनवर परत येऊन म्हणाला, "बरं झालं, आई. राहू दे तिचा राग."

त्याच्या आवाजावरून मला कळलं नाही की तो रडतोय की काय. मी विचारलं नाही. तो म्हणाला, ठेवतो, कामाला जायचंय. मी म्हटलं, जेवून जा.